‘सहा कोंबड्यांसाठी’ म्हणून विकलेलं लाकडी खुराडं: पाचपैकी दोन तारे

आधी निकाल सांगते. घाईत असाल तर एवढंच वाचून पुढं जा. जाहिरातीत ‘सहा कोंबड्यांसाठी’ असं लिहिलेल्या या खुराड्यात सहा ऑर्पिंग्टन, म्हणजे माझ्याकडच्या त्या जाडजूड जातीच्या कोंबड्या, मावत नाहीत. चारही मावत नाहीत. दोन सुखानं राहतात, तिसरी घातली की रोज रात्री भांडण. फेब्रुवारी २०२३ मध्ये २८९ पौंड मोजून मी ते घेतलं आणि पुढचं वर्षभर करवत, पाना नाहीतर ब्रश घेऊन त्याच्यासमोर उभी होते. दोन तारे देतेय. त्यातला दुसरा कसा मिळाला ते शेवटी सांगते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हेच हिरव्या छताचं, हेच दोन अंड्यांच्या खोक्यांचं खुराडं इंटरनेटवर दहा नावांनी विकायला आहे. फोटोत दारापुढं दोन चिमुकल्या कोंबड्या आणि एक सोनेरी केसांची मुलगी असते. ओळखाल तुम्ही.

मी इंग्लंडमधल्या केंटमध्ये मेडवेला राहते. नर्स आहे, आठवड्यातून तीन रात्रपाळ्या. मूळची राजापूर तालुक्यातली. आमच्याकडे पडवीच्या कोपऱ्यात जांभ्या दगडांवर फळ्या टाकून केलेलं खुराडं होतं, त्याला पुढं एक फळी सरकवायची की झालं दार. संध्याकाळी आई ‘या या या’ करून भाताची मूठ टाकायची आणि दहा-बारा गावठी कोंबड्या पळत आत जायच्या. त्यामुळे मला वाटलं, यात काय एवढं बघायचं? खुराडं ते खुराडं. मापाची टेप न लावता विकत घेतलं, ही माझी चूक. ती कंपनीच्या माथी मारत नाही.

ऑर्पिंग्टनच का, तर लेकाच्या हट्टापायी. कोंबडी मांडीवर बसली पाहिजे, ही त्याची एकमेव अट. आणि ऑर्पिंग्टन बसते. शिवाय ती इथलीच. ऑर्पिंग्टन गाव आमच्यापासून गाडीनं पाऊण तासावर, पूर्वी केंटमध्ये होतं, आता लंडनच्या ब्रॉम्ली भागात मोडतं. विल्यम कुक नावाचा गृहस्थ, आधी बग्गी हाकायचा, त्यानं तिथं १८८६ मध्ये मिनॉर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक या जातींच्या संकरातून काळी ऑर्पिंग्टन उभी केली. लंडनची काजळी अंगावर दिसू नये म्हणून काळा रंग ठेवला, असं सांगतात. बदामी रंगाची, म्हणजे बफ, १८९४ मध्ये आली आणि आज ऑर्पिंग्टन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तीच येते. कुकला अंडी आणि मांस दोन्ही देणारी कोंबडी हवी होती. नंतर प्रदर्शनवाल्यांच्या हातात ती पडली आणि त्यांनी पिसं वाढवत वाढवत तिची गोधडी करून टाकली. याच कुळातल्या काही ऑस्ट्रेलियाला गेल्या, तिथं लोकांनी अंड्यांवर लक्ष ठेवलं आणि ऑस्ट्रेलॉर्प तयार झाली. १९२२-२३ मध्ये तिथल्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी घातली होती. माझ्या चौघींनी पहिल्या वर्षी मिळून ५४० दिली. वहीत लिहून ठेवलंय. तक्रार नाही, पण मला दिसायला गोड कोंबड्या हव्या होत्या आणि त्याच मिळाल्या.

मे २०२३ मध्ये चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या, केंटमधल्याच एका शेतावरून, एकेक ४५ पौंडांना. तीन बदामी, एक काळी. हळद, केशर, ठमी आणि काजळ. ज्या बाईंकडून घेतल्या त्यांना मी पाचपैकी पाच देईन. त्यांनी प्रत्येकीला उलटी करून शेपटीखाली फुंकर मारून दाखवली, पिसांत किडे नाहीत हे मला डोळ्यांनी बघायला लावलं, आणि निघताना विचारलं, “खुराड्याचं दार किती रुंद आहे?” मी म्हटलं, सहा कोंबड्यांचं आहे. त्या हसल्या आणि काही बोलल्या नाहीत.

दार २२ सेंटिमीटर रुंद आहे.

तेव्हा अडचण आली नाही, तलंगा लहान होत्या. ऑर्पिंग्टन सावकाश वाढते. सप्टेंबर येईतो ठमीचं वजन साडेतीन किलो झालं. (न्हाणीघरातल्या काट्यावर आधी मी एकटी, मग ठमीला घेऊन मी, आणि वजाबाकी. माझंही वजन त्यात कळतं, ते सोडा.) साडेतीन किलोची कोंबडी बावीस सेंटिमीटरमधून जाते, जात नाही असं नाही. पण पिसं दोन्ही बाजूंनी घासत, खांदा तिरका करून, लोकलच्या दारातून पिशवी ओढावी तशी. पावसाळ्यात, म्हणजे इथं वर्षातले दहा महिने, अंगावरचा सगळा चिखल दाराच्या चौकटीला लागतो आणि चौकटीचा मागून येणारीला. ऑर्पिंग्टनसाठी दार निदान ३० सेंटिमीटर रुंद आणि ३५ उंच हवं. मी ऑक्टोबरमध्ये करवतीनं कापून वाढवलं. लाकूड लोण्यासारखं कापलं गेलं, त्यात समाधान मानायचं की काळजी करायची ते कळलं नाही.

दांडीचा प्रकार त्याहून वाईट. आत दोन दांड्या आहेत, झाडूच्या दांड्यासारख्या गोल आणि बारीक, ८० सेंटिमीटर लांब. एकीवर तीन अशा सहा, हा कंपनीचा हिशोब. एका ऑर्पिंग्टनला झोपायला ३० सेंटिमीटर लागतात, म्हणजे एका दांडीवर जेमतेम दोन. आणि दोन दांड्यांत अंतर १८ सेंटिमीटर, म्हणजे मागचीच्या तोंडात पुढचीची शेपटी. वर कहर म्हणजे दांड्या अंड्यांच्या खोक्यांपेक्षा खाली लावलेल्या. कोंबडी रात्री मिळेल त्यातली सगळ्यात उंच जागा शोधते, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. चौघी खोक्यांत जाऊन झोपायच्या, एका खोक्यात दोन-दोन, आणि सकाळी अंडी शेणकुटासारखी माखलेली. आठवडाभर मी अंडी नाही, पुरावे गोळा करत होते.

जड कोंबडीला गोल बारीक दांडीवर बसवू नका. पाच सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, वरच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करा आणि जमिनीपासून फार तर दीड फुटावर ठेवा. त्याहून उंचावरून ही बाई उतरत नाही, पडते. तळव्याला इजा झाली की आत गळू धरतं, बंबलफूट म्हणतात त्याला. काजळला झालं होतं. काळी खपली, खाली गाठ. पायाची ड्रेसिंगं मी नोकरीत पुष्कळ केलीत, पण पेशंट पोटाशी धरून, डोळ्यांवर टॉवेल टाकून केलेली ही पहिलीच. पट्टीचा खर्च ६ पौंड. जनावरांच्या डॉक्टरचा विचारू नका.

आता छप्पर. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण एवढा एक परिच्छेद कुणी मला आधी वाचायला दिला असता तर पुढची सगळी निस्तरपट्टी वाचली असती.

छपराच्या फळीवर हिरवं डांबरी फेल्ट ठोकलेलं आहे. दिसायला छान, पावसाला चांगलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सलग सात दिवस पारा तिशीच्या वर होता. केंटमध्ये तिशी म्हणजे लोक पंखे विकत घ्यायला पळतात, आणि पिसांची गोधडी पांघरलेली कोंबडी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकते. खुराड्याला हवेसाठी बोटभर भोकं चार. मला वाटलं, उकडतंय म्हणून संध्याकाळी आत जायला नको म्हणताहेत. दारापर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या. केशर कुंपणाच्या खांबावर चढायचा प्रयत्न करत होती, साडेतीन किलोनिशी. तुरे फिके पडले. अंडी निम्म्यावर आली.

चौथ्या दिवशी रात्रपाळीहून आले आणि सहज पांढरा टिश्यू दांडीच्या टोकाखाली फिरवला. लाल झाला. रक्ताचा डाग ओळखायला मला कुणी शिकवायला नको.

रेड माइट. पिसवेपेक्षा बारीक, दिवसा राखाडी, रात्री प्यायल्यावर लाल. हा किडा कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दिवसभर लाकडाच्या फटीत झोपतो आणि अंधार पडला की जेवायला बाहेर येतो, म्हणजे आम्ही दोघेही रात्रपाळीवाले. कोंबड्या काढून घेतल्या तरी महिनोन्‌महिने उपाशी टिकतो, त्यामुळे खुराडं आठवडाभर रिकामं ठेवून काही होत नाही. फेल्टची एक कड मी पक्कडनं उचकटली. खाली राख पसरल्यासारखं दिसलं. मग ती राख हलली.

अंगावर काटा आला म्हणू नका, अंगावर किडे आले. बाहीपर्यंत.

फेल्ट आणि फळी यांच्यामधली ती अंधारी, ऊबदार, कोरडी जागा म्हणजे या किड्यांसाठी बांधलेली चाळच आहे. लाकडी खुराडं घ्यायचंच असेल तर फेल्टचं छप्पर असलेलं घेऊ नका. मी सगळं फेल्ट फाडून जाळलं, खुराडं सुटं केलं, सांधे धुतले, वाळवले, प्रत्येक फटीत डायटमची, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांची, पांढरी भुकटी ब्रशनं भरली (तोंडाला मास्क लावून, ती भुकटी छातीत जाता कामा नये), आणि छपरावर नालीदार पत्रा टाकला. पत्रा २४ पौंड, भुकटी १४. पाच-सहा दिवसांनी परत तेच, कारण अंड्यांतून नवी पिढी येतेच. तीन खेपांनंतर टिश्यू पांढरा निघाला. कोंबड्या त्याच संध्याकाळी न बोलावता आत गेल्या.

मी कंपनीला ईमेल लिहिली, फोटो जोडले, मापं लिहिली. उत्तर सभ्य होतं. ‘सहा’ हा आकडा मध्यम आकाराच्या संकरित कोंबड्यांसाठी आहे, मोठ्या जातींसाठी ग्राहकांनी आपला अंदाज घ्यावा, आणि पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट. पुढची खरेदी! तुम्हीही कुठलंही खुराडं घेताना आकडा वाचला की ऑर्पिंग्टनसाठी निम्मा करा, आणि मग त्यातून अजून एक वजा करा.

जोडून येणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्याबद्दल दोनच वाक्यं, कारण त्याची लायकी तेवढीच. जमीन सगळी मिळून एक चौरस मीटरही नाही आणि जाळी षट्‌कोनी बारीक तारेची, जी कोंबडीला आत ठेवते पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. इथं कोल्हे भर वस्तीत फिरतात, आमच्या गल्लीतला तर कचऱ्याच्या गाडीची वेळ पाळतो. एका सकाळी दाराच्या लाकडी फिरकीवर नखांचे ओरखडे दिसले. त्या दिवशी कामावरून परस्पर दुकानात गेले आणि जाड वेल्डेड जाळी (५८ पौंड), दोन कड्या आणि गिर्यारोहकांचे हुक घेऊन आले. जाळीचा फूटभर पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर अंथरून खिळवला, म्हणजे खणायला लागला की पायाखाली जाळीच. आणखी एक: बर्ड फ्लूमुळे कोंबड्या बंदिस्त ठेवायचा सरकारी हुकूम इथं मधूनमधून निघतो. मी खुराडं घेतलं तेव्हाचा नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाला होता, तो १८ एप्रिल २०२३ पर्यंत चालला. पाच महिने या पिंजऱ्यात चार ऑर्पिंग्टन? त्यांनी एकमेकींची पिसं उपटून उशा भरल्या असत्या. आणि ऑक्टोबर २०२४ पासून घरी एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते, तीही विसरू नका.

चांगलं काही? आहे. खालचा पत्र्याचा ट्रे सरकवून बाहेर येतो, घाण दोन मिनिटांत निघते. अंड्यांच्या खोक्यांचं झाकण बाहेरून उघडतं, पावसात चप्पल घालून जाऊन अंडी घेता येतात. जोडणी मात्र ‘४५ मिनिटांत’ होत नाही. नवऱ्याला आणि मला मिळून एक रविवार लागला आणि दोन स्क्रू उरले. ते कशाचे हे आजवर कळलेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये शेजाऱ्यांनी त्यांची जुनी सहा बाय चार फुटांची बागेतली शेड ६० पौंडांना दिली. तिथं रुंद पट्ट्या, मोठं दार, वर जाळीच्या खिडक्या केल्या आणि चौघी तिकडं गेल्या. साठ पौंडांत. खुराडं मागच्या भिंतीशी रिकामं पडलं.

मे महिन्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. शेड बघितली, मान डोलावली. मग खुराडं बघितलं, वाकून आत डोकावली आणि म्हणाली, “काय गो, ह्यात कोंबड्या घालायचीस की कोंबड्यांना हे घालायचीस?”

आईला दुसरा धक्का उरल्यासुरल्याचा. स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही, पोळीचा तुकडा असो की भाताचं शीत, इथं कोंबडीला घालायला कायद्यानं बंदी आहे, घरच्या पाळीव कोंबड्यांनाही. आईनं मला दोनदा विचारलं की मी चेष्टा करतेय का. “कोंबडीला भात नाय घालायचा, मग काय पेपर वाचायला द्यायचा?” मग परसातल्या वाफ्यातली मेथी खुडून थेट कुंपणावरून टाकायला लागली. ते चालतं, स्वयंपाकघर मध्ये येत नाही.

जूनमध्ये केशर खुडूक झाली. ऑर्पिंग्टनला ही खोड आहेच, वर्षातून दोनदा तरी. खोक्यात पसरून बसायचं, हात घातला की फुगून गुरगुरायचं, छातीची पिसं उपटून गादी करायची, दिवसातून एकदा उठून ढीगभर हगायचं आणि परत आत. अंडी बंद. आधीच्या वर्षी मी तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, विटांवर उचलून, तीन दिवस ठेवली होती. पोटाखालून वारा लागला की अंगातली ऊब उतरते आणि खूळ जातं. या वेळी पिंजरा काढायला निघाले तर आई आडवी आली. “रवणीला बसलीय ती. तिला अंडी दे की.”

आमच्याकडे कोंबडा नाही, शेजारी धार्जिणे राहावेत म्हणून. तलंगा दिलेल्या त्याच बाईंकडून फळलेली सहा अंडी आणली, १८ पौंडांना. आणि केशरला ठेवायला एकटीची, अंधारी, बंद होणारी, कोल्ह्यापासून राखलेली जागा हवी होती.

खुराड्याच्या दांड्या काढून टाकल्या. तळाला गवताचा थर, मधोमध खळगा. रात्री अंधारात केशरला उचलून आणली, आईनं अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली, तोंडानं काहीतरी पुटपुटत. सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून बघितली, सहाच्या सहा अंड्यांत शिरा दिसल्या. आईचा टॉर्चवर विश्वास नव्हता, ती अंडं कानाला लावून बघत होती. एकविसाव्या दिवशी, माझ्या रात्रपाळीच्या सकाळी, तिचा फोन आला. शब्द काही कळला नाही, मागून चिवचिव ऐकू आली.

पाच निघाली. सहावं अंडं तसंच राहिलं. पाण्याच्या थाळीत गोटे टाकले, पिल्लू बुडू नये म्हणून, आणि त्यांच्यासाठी बारीक भरड वेगळी. मी पंधरा महिने शिव्या घातलेलं ते लाकडी खोकं त्या महिन्यात इतकं नेमक्या मापाचं वाटत होतं, की मला त्याचा राग आला.

आई दाराशी उकिडवी बसून मोजत होती. “आवस एक, पोरं पाच. सहा झाली की गो. मग कंपनी खोटं कुठं बोलली?”

दुसरा तारा तिचा आहे.